अकरावं शिफारसपत्र

एकतीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघतोय, तेव्हा माणसं खोटं कसं बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. "रोज दोनदा ब्रश करतो, डॉक्टर," असं छातीठोक सांगणाऱ्याने तोंड उघडलं की आतली हकीकत वेगळीच निघते. आ वासून बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात मजा नसते. पण ही गोष्ट पेशंटच्या नाही, माझ्या खोटेपणाची आहे. त्यात वाईट एवढंच, की ज्या दिवशी मी खरं बोललो त्या दिवशी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

माझा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. बाहेर सहा खुर्च्या आणि जुनी मासिकं. आत मोठी खुर्ची, तिच्यावरचा दिवा, मी आणि ताई. ताई म्हणजे माझ्या सहायक. पेशंट त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो, वयाने त्या माझ्याहून चोवीस वर्षांनी लहान असल्या तरी. बारा वर्षं त्या खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला, माझ्यासमोर उभ्या आहेत. हत्यारं निर्जंतुक करायची, सिमेंट कालवायचं, थुंकी ओढायची नळी धरायची, रडणाऱ्या पोरांची समजूत काढायची, ही सगळी कामं त्यांची. शिवाय माझी लिखापढीही त्यांच्याकडेच. लिहिणं हा माझा प्रांत नाही. औषधाची चिठ्ठी दोन ओळींच्या पुढे गेली की माझा जीव जातो.

दातांच्या कॉलेजला अर्ज करायचा तर आधी एखाद्या दंतवैद्याकडे बसून शंभर तास नुसतं काम बघावं लागतं आणि मग त्या दंतवैद्याचं शिफारसपत्र अर्जाला जोडावं लागतं. त्यामुळे दर सुट्टीत कुणा ना कुणाचं चिरंजीव किंवा कन्यारत्न माझ्याकडे कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायचं. पहिला माझा पुतण्या. पहिलाच दात निघताना पाहून हा गडी ट्रेसकट आडवा झाला. शंभर तास भरल्यावर त्याने पत्र मागितलं, मी ताईंना म्हटलं, "लिहा काहीतरी," त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. वाचलं नाही. अशी नऊ वर्षांत दहा पत्रं झाली. दहाच्या दहा मुलांना प्रवेश मिळाला.

एकदा दंतवैद्यांच्या परिषदेत त्या कॉलेजच्या प्रवेश समितीच्या अध्यक्षबाई मला शोधत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची पत्रं आम्ही समितीत मोठ्याने वाचतो. बेशुद्ध पडलेला मुलगा डोळे उघडल्यावर आधी पेशंट कसा आहे ते विचारतो, हे टिपायला केवढं मन लागतं."

पुतण्याने तसं विचारलं होतं हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या लक्षात फक्त सांडलेला ट्रे होता. खरं सांगायची ती वेळ होती. "सुचतं आपलं," मी म्हणालो, आणि अंगावर मूठभर मांस चढवून घरी आलो. ताईंना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असंच आपण म्हणू या.

यंदा एका दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर ताईंनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. मी सवयीने पेन काढलं.

"आधी वाचा, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

दातांच्या कॉलेजचा अर्ज होता. वर ताईंचं नाव होतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी त्या कॉलेजात चार जागा आहेत, वयाची अट पस्तिशीच्या आत. ताई पस्तिसाव्यात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. विज्ञानाचे जे विषय लागतात त्यांच्या परीक्षा त्या दोन वर्षांत बाहेरून देऊन, चांगल्या मार्कांनी पास होऊन बसल्या होत्या. अभ्यास रविवारी. मला वाटायचं रविवारी त्या विश्रांती घेतात.

"वा, उत्तम," मी म्हणालो. त्या गेल्या तर मी काय करणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसराही तोच.

फॉर्ममध्ये पहिली मेख निघाली ती शंभर तासांची. नोकरीत केलेलं काम धरलं जाणार नाही आणि निरीक्षण करणाऱ्याने कशालाही हात लावू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी कॉलेजच्या कारकुनाला फोन लावला.

"अहो, या बारा वर्षं खुर्चीपाशी उभ्या आहेत."

"ती नोकरी झाली. निरीक्षण वेगळं."

"बारा वर्षं कशात धरणार मग?"

"अनुभवात. पण अनुभवाला रकाना नाही," कारकून म्हणाला.

तेव्हा ताईंनी रीतसर रजा घेतली आणि रजेवर असलेल्या ताई रोज सकाळी साडेनऊला माझ्याच दवाखान्यात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागल्या. नियम म्हणजे नियम. कशाला हात जाऊ नये म्हणून त्या दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसत. इकडे माझ्या नाकी नऊ आले. नळी मीच धरायची, सिमेंट मीच कालवायचं, ते कालवेपर्यंत ते घट्ट. ताई बघत होत्या. एकदा मी चुकीचं हत्यार उचललं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण खरा धक्का वेगळाच बसला. मी हलक्या हाताचा डॉक्टर म्हणून ओळखला जातो. माझ्याकडे लोक त्यासाठीच येतात आणि मीही ते ऐकून ऐकून मनावर घेतलं होतं. त्या तेरा दिवसांत माझ्या खुर्चीत माणसं ओरडली. एरवी गालातल्या गालात हसत बसणाऱ्या एक शिक्षिका आहेत, त्यांनी माझं मनगटच धरलं. "आज दुखवलंत, डॉक्टर," त्या म्हणाल्या. मी तर रोजच्यासारखंच ड्रिल चालवत होतो.

घरी जाताना जिन्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. काम चालू असताना ताईंचा एक हात नेहमी पेशंटच्या खांद्यावर असतो. पेशंटला दुखायच्या आत तो हात जरासा उचलला जातो. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि मी थांबतो. बारा वर्षं मी त्या हातावर थांबत आलो आणि माझा हात हलका आहे असं समजत आलो. जिन्यातच थोडा वेळ उभा राहिलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

शंभर तास भरले. उरलं पत्र.

"हे तुम्हालाच लिहावं लागेल," ताई म्हणाल्या. "दहा जणांची लिहिली, पण स्वतःबद्दल मला नाही लिहिता येत. प्रयत्न केला. हत्यारं स्वच्छ ठेवते, याच्यापुढे गाडी जात नाही. आणि उमेदवाराने ते वाचायचंही नसतं. तुम्ही थेट पाठवायचं."

"त्यात काय," मी म्हणालो.

चार दुपारी मी कागदासमोर बसलो. चौथ्या दिवशी तयार झालेला मजकूर बायकोला दाखवला. 'सदर उमेदवार नियमित, कष्टाळू व प्रामाणिक असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.'

"इमारतीच्या रखवालदारासाठी आहे का?" तिने विचारलं.

पाचव्या दिवशी वैतागून मी जे मनात होतं ते एका दमात लिहिलं, वाचून बघितलं तर धीर खचेल म्हणून न वाचता पाठवलं. ते असं होतं:

'या ताई माझ्याकडे बारा वर्षं आहेत. लोक मला हलक्या हाताचा डॉक्टर म्हणतात ते बरोबर नाही. पेशंटला दुखणार हे मला कळत नाही, ताईंना कळतं. त्यांचा हात पेशंटच्या खांद्यावर असतो. तो उचलला की मी थांबतो. हे मला आत्ता कळलं. मधे त्या स्टुलावर बसल्या होत्या तेव्हा लोक ओरडले. त्यांना घ्या. मला त्यांना सोडायचं नाही, पण घ्या.'

आठ दिवसांनी त्याच कारकुनाचा फोन आला. आवाज या वेळी एकदम हळुवार होता.

"डॉक्टर, बाब जरा नाजूक आहे. तुमच्या नावाने कुणीतरी बनावट पत्र पाठवलंय. कागद तुमचाच आहे, शिक्का तुमचाच आहे. उमेदवार तुमच्याच दवाखान्यातली. समजून घ्या काय ते. शुक्रवारी या, त्या उमेदवार बाईंनाही घेऊन या. याद्या शुक्रवारी पाचलाच बंद होतात."

शुक्रवारी तीन वाजता मी समितीच्या खोलीत होतो. ताईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. लांब टेबल, भिंतीशी काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलापलीकडे अध्यक्षबाई आणि कारकून. बाईंच्या पुढ्यात माझी दहा पत्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवलेली. अकरावं बाजूला, नुसतंच.

"तुम्हाला किती वाईट वाटत असेल याची मला कल्पना आहे," बाई म्हणाल्या. "बारा वर्षांचा विश्वास."

"मॅडम, ते पत्र मीच लिहिलंय."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान हलवली, त्याला हेच अपेक्षित असावं.

"डॉक्टर, तुम्ही तिला पाठीशी घालणार हे मी सकाळीच म्हटलं होतं. तुमचं मन या दहा पत्रांतून मी ओळखते. पण हे बघा." त्यांनी अकरावं पत्र दोन बोटांत धरून उचललं. "'त्यांना घ्या. मला त्यांना सोडायचं नाही, पण घ्या.' ही तुमची भाषा आहे?"

"हीच माझी भाषा आहे. ती दहा माझी नाहीत."

"मग कुणाची?"

खरं सांगितलं तर मी दहा वेळा न वाचता सह्या करणारा ठरत होतो, आणि ताई दहा वेळा दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्या. न सांगितलं तर ताई एकदा बनावट पत्र करणाऱ्या ठरत होत्या. त्यातल्या त्यात कमी वाईट काय याचा हिशेब माझ्याने होईना, आणि मग मला त्या परिषदेतल्या माझ्याच तोंडचं 'सुचतं आपलं' आठवलं.

"ताईंनी लिहिली," मी म्हणालो. "मी सांगितलं म्हणून लिहिली. मी फक्त सह्या केल्या. एकही वाचलं नव्हतं."

बाई हसल्या. दुष्टपणे नाही, अगदी मायेने हसल्या, आणि तेच मला लागलं.

"म्हणजे नळ्या धरणाऱ्या बाईने हे लिहिलं," त्यांनी पाकिटांवर हात ठेवला, "आणि तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरने हे?" अकरावं पत्र टेबलावर पडलं. "डॉक्टर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. सवय नाही तुम्हाला."

मी आणखी तीन-चारदा सांगून पाहिलं. दर वेळी मी त्यांच्या नजरेत आणखी थोर होत गेलो. शेवटी ताईंना आत बोलावलं आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

ताईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांना रोज रक्त बघायची सवय आहे, चेहरा त्यांचा सहसा हलत नाही. तेव्हा हलला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणतात," कारकुनाने लिहून घेतलं.

अध्यक्षबाईंनी निकाल दिला. माझ्या चांगुलपणाकडे बघून त्या प्रकरण पुढे नेणार नव्हत्या. पण हे पत्र धरलं जाणार नाही. ज्याने ताईंचं काम पाहिलं आहे अशा दुसऱ्या दंतवैद्याचं पत्र, त्याच्या स्वतःच्या मेलवरून, पाच वाजेपर्यंत यायला हवं. नाही आलं तर नाव यादीतून बाद. घड्याळात साडेतीन झाले होते.

बाहेर बाकावर बसल्यावर ताई समोर बघतच म्हणाल्या, "तुम्हाला हाताचं कधी कळलं?"

"तुम्ही स्टुलावर बसलात तेव्हा."

"मला वाटायचं तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच थांबता." त्यांनी डोळे पुसले. "बारा वर्षं मला वाटायचं, आपण दोघं मिळून करतोय."

मी पुतण्याला फोन लावला. तो आता रीतसर डॉक्टर आहे, तीन वर्षांपासून त्याचा स्वतःचा दवाखाना आहे. सगळी हकीकत सांगितली.

"लगेच करतो, काका," तो म्हणाला. "फक्त ताईंना सांगा लिहून पाठवायला. मी सही करून मेल टाकतो."

"अरे, पत्र ताईंसाठीच हवंय."

"हो, कळलं ना. पण त्यांच्याइतकं चांगलं कोण लिहिणार? माझंही त्यांनीच लिहिलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

मी त्याला चार शब्द सुनावण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "पाठवते दहा मिनिटांत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"आता येईल लिहिता?" मी विचारलं. "स्वतःबद्दल?"

"स्वतःबद्दल कुठे लिहायचंय. तुम्ही लिहिलंय तेच फक्त नीट करायचं."

त्या बाकावर वाकून माझ्या फोनवर टाइप करत बसल्या. मी उठून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेजारच्या वर्गातून कुणीतरी दाढांची मुळं पाठ करत होतं. लिहून झाल्यावर मी पुतण्याला पुन्हा फोन करून बजावलं, की वाचल्याशिवाय सही केलीस तर माझ्या घरी पाऊल ठेवायचं नाही. पाच-सात मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज पडला होता.

"काका, हे खरंय. मी पाहिलं होतं हे. मला लिहिता आलं नसतं, एवढंच."

पावणेपाचला त्यांनी आम्हाला आत बोलावलं. अध्यक्षबाईंच्या हातात छापलेला कागद होता आणि त्या तो कारकुनाला वाचून दाखवत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

"'काकांचा हात बघायला म्हणून मी शंभर तास स्टुलावर बसलो. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की बघावा असा हात दुसराच आहे. तो पेशंटच्या खांद्यावर असतो, आणि पेशंटच्या आधी त्याला दुखतं. आज माझा दवाखाना आहे, माझ्याकडे चांगली खुर्ची आहे, नवी यंत्रं आहेत. तसा हात ठेवणारं माणूस मला अजून मिळालेलं नाही. काकांना ते मिळालं होतं. आता ते माणूस काका स्वतःहून तुमच्या हवाली करत आहेत. हे त्यांना किती जड जात असेल ते मला माहीत आहे.'"

कारकुनाने चष्मा काढून पुसला. मी ताईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला आवरलं नसतं. शेवटची दोन वाक्यं म्हणजे माझं 'सोडायचं नाही, पण घ्या' होतं, नीट केलेलं.

"डॉक्टर, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "पण शिफारस ही अशी असते. एक शब्द खोटा वाटत नाही. तुमच्या पुतण्याने तुमचं नाव राखलं."

"हो," मी म्हणालो.

कारकुनाने ताईंच्या अर्जावर शिक्का मारला. वर्ग सोमवारपासून होते. चौथ्या जागेवर त्यांचं नाव लिहून झाल्यावर अध्यक्षबाई उठल्या आणि त्यांनी ताईंच्या हातात पावती ठेवली.

"कॉलेजात भरपूर शिकाल," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांना विसरू नका. एवढा मोठा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला असेल तो आज, तुमच्यासाठी."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"नाही विसरणार, मॅडम," त्या म्हणाल्या.

जिना उतरताना त्यांनी मला दोनदा सांगितलं, की नवी हत्यारं डाव्या कपाटात आहेत आणि सोमवारी साडेनऊला त्या शिक्षिकेचं रूट कॅनाल आहे. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. त्या शिक्षिकेला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.